जुनी स्ट्रॅटोकॅस्टर घेताना: मूळपणा कसा तपासायचा, किंमत कशी काढायची

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये १९५४ साली फेंडर कंपनीने स्ट्रॅटोकॅस्टर ही इलेक्ट्रिक गिटार आणली तेव्हा ट्रेमोलोसकट (दांडा हलवून सूर वर-खाली करणाऱ्या पुलासकट) तिची किंमत २४९.५० डॉलर होती, पेटीचे ३९.९५ डॉलर वेगळे. त्या वर्षाची, आतला एकही सोल्डर (तारांचा धातूने जोडलेला सांधा) न हललेली गिटार आज चांगल्या मोटारीच्या भावात जाते. तीच गिटार मधल्या काळात कुणी हौसेने पुन्हा रंगवली असेल, तर भाव जवळपास निम्म्यावर येतो. दोन्ही गिटारींचं वय तेच, लाकूड तेच, आवाजही बहुधा तोच. फरक एवढाच की एकीवर कारखान्यातून निघाल्यानंतर कुणी हात चालवलेला नाही. जुन्या सॉलिड-बॉडी, म्हणजे भरीव लाकडाच्या, गिटारींचा सगळा बाजार या एका गोष्टीभोवती फिरतो, म्हणून घेणाऱ्याने आधी मूळपणा तपासायला शिकावं आणि मग भावाला हात घालावा.

इथे मुख्य उदाहरण स्ट्रॅटोकॅस्टरचं घेतलं आहे, त्याला कारण आहे. ही गिटार सुट्या भागांची आहे. नेक (गिटारीची मान) चार स्क्रूंनी बसतो, सगळं वायरिंग पिकगार्डवर (बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर) असतं आणि कुठलाही भाग तासाभरात बदलता येतो. त्यामुळे तपासणी सोपी जाते, पण वेगवेगळ्या वर्षांचे भाग जुळवून एक ‘जुनी’ गिटार उभी करणंही तितकंच सोपं जातं. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या गिटारींचे प्रश्न वेगळे आहेत, ते पुढे येतील.

कोणत्या वर्षांत काय होतं

संग्राहकांच्या दृष्टीने पहिली मोठी रेघ १९६५ च्या जानेवारीत पडते. संस्थापक लिओ फेंडर यांनी कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. त्याआधीच्या गिटारींना ‘प्री-सीबीएस’ म्हणतात आणि भावाचा मोठा टप्पा तिथेच येतो. विक्री झाली त्या दिवशी गिटार बदलली नाही. मोठा हेडस्टॉक (नेकचं वरचं टोक) १९६५ च्या उत्तरार्धात आला. रंगासाठी जाड पॉलिएस्टरचा थर १९६८ पासून, तर तीन स्क्रूंचा नेक आणि हेडस्टॉकवर गोळीसारखं टोक असलेला ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) १९७१ च्या अखेरीपासून आला. तेव्हा १९६५ च्या पूर्वार्धातल्या गिटारीत मागच्या वर्षीचेच बरेच भाग सापडले तर त्यात संशयास्पद काही नाही.

प्री-सीबीएस काळातले टप्पे तोंडपाठ असावेत. १९५४ ते १९५९ चा नेक अखंड मेपलचा, ट्रस रॉड मागून घातलेला आणि ती खाच अक्रोडाच्या गडद पट्टीने बुजवलेली. १९५९ च्या मध्यापासून मेपलवर रोझवूडचा जाड, खालून सपाट फळीसारखा फ्रेटबोर्ड (बोटं दाबायची पट्टी) येतो, त्याला ‘स्लॅब’ म्हणतात. १९६२ च्या उन्हाळ्यात ती फळी जाऊन नेकच्या गोलाईवर बसवलेला पातळ थर येतो. नेकचं बुड समोरून पाहिलं की हा फरक लगेच कळतो: सांधा सरळ रेषेत असेल तर स्लॅब, कमानीत असेल तर नंतरचा. रोझवूडवरचे ठिपके १९६४ च्या अखेरीपर्यंत मातकट रंगाचे, त्यानंतर मोतिया. बाराव्या फ्रेटवरच्या (फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) दोन ठिपक्यांमधलं अंतर १९६३ मध्ये कमी झालं.

बॉडीचं लाकूड १९५६ च्या मध्यापर्यंत ॲश, पुढे बहुतेक आल्डर. फिकट ब्लाँड रंगासाठी मात्र ॲशच चालू राहिलं. सनबर्स्ट (कडेकडे गडद होत जाणारा रंग) १९५८ पर्यंत दोन रंगांचा, नंतर मध्ये लाल आला. सुरुवातीचा तो लाल उन्हाने इतका उडायचा की १९५८-५९ च्या काही गिटारी आज पुन्हा दोन रंगांच्याच भासतात. पिकगार्ड १९५९ पर्यंत एका थराचा, आठ स्क्रूंचा. पुढे तीन थरांचा, अकरा स्क्रूंचा, सेल्युलॉइडचा. या सेल्युलॉइडवर वयाने हिरवट झाक येते. ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) क्लुसन कंपनीचे: १९५६ पर्यंत पाठीवर काहीच न लिहिलेले, १९६४ पर्यंत एका ओळीत नाव, त्यानंतर दोन ओळींत.

हेडस्टॉकवरचं बारीक सोनेरी अक्षरांचं नाव १९६४ च्या मध्यापर्यंत चाललं. या काळात ते लॅकरच्या वरून चिकटवायचे, त्यामुळे त्याच्या कडा झिजलेल्या, कुठे अक्षर उडालेलं, हे साहजिक आहे. नाव अगदी नवं कोरं आणि त्याच्यावरून जाड चकचकीत लॅकर फिरवलेलं दिसलं, तर हेडस्टॉकवर नंतर काम झालं आहे.

सीरियल नंबर हा सगळ्यात कच्चा पुरावा

नवशिका माणूस नंबरावरून वर्ष काढतो आणि तिथेच थांबतो. फेंडरने १९७६ पर्यंत नंबर नेकच्या मागच्या धातूच्या पट्टीवर ठोकले. पट्ट्या खोक्यात पडलेल्या असायच्या, हाताला येईल ती लावली जायची. नंबराचा क्रम आणि गिटारीचा क्रम जुळतोच असं नाही. ‘एल’ने सुरू होणारा नंबर साधारण १९६२ च्या अखेरीपासून १९६५ पर्यंतचा, मोठं ‘एफ’ अक्षर कोरलेली पट्टी १९६५ नंतरची, एवढाच अंदाज त्यातून घ्यावा. १९७६ पासून नंबर हेडस्टॉकवर गेला, ‘एस ८’ म्हणजे १९७८ च्या आसपास. शिवाय पट्टी सुटी विकत मिळते. चार स्क्रू काढले की गिटारीचं ‘वर्ष’ बदलतं.

वर्ष ठरवायला तीन तारखा लागतात: नेकच्या बुडावरची, पॉटवरची (पॉट म्हणजे आवाजाच्या आणि टोनच्या बटणाखालचा विजेचा भाग) आणि जिथे सापडेल तिथे बॉडीच्या खाचेतली. या तिन्ही काही महिन्यांच्या अंतरात बसल्या पाहिजेत. त्या आत असतात, म्हणून गिटार उघडावी लागते. विकणारा उघडू देत नसेल आणि स्वतः उघडून फोटोही देत नसेल, तर प्री-सीबीएसचा भाव देऊ नये. यात भिडेखातर सूट द्यायचं कारण नाही.

उघडायची कशी

लागणारी साधनं थोडी आहेत: फिलिप्सचे एक आणि दोन नंबरचे स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा, भिंग, मऊ जाड कापड आणि स्क्रू ठेवायला खणांचा डबा. ड्रायव्हरचं टोक नवं असावं. झिजलेलं टोक घसरतं आणि साठ वर्षं शाबूत राहिलेलं स्क्रूचं डोकं एका क्षणात खराब होतं. ते खरबडलेलं डोकं पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसतं.

उघडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. तारा एकदम न सोडता सगळ्या थोड्या-थोड्या सैल करत उतरवा आणि ट्रेमोलोचा दांडा काढून ठेवा. गिटार कापडावर पालथी घालून नेकचे चारही स्क्रू आळीपाळीने सैल करा. स्क्रू बाहेर आल्यावर नेक सरळ वर उचला, अडला तर अगदी हलकेच मागे-पुढे करा. बाजूला वाकवून काढायला गेलं की खाचेच्या कडेचं लॅकर टवका निघून येतं. खाचेत कागदाचा किंवा फायबरचा बारीक तुकडा असेल तर तो कारखान्याने नेकचा कोन साधायला घातलेला असू शकतो. त्याचा फोटो घ्या आणि होता तिथेच परत ठेवा.

आता पिकगार्ड. सेल्युलॉइड वर्षानुवर्षं आकसत जातं आणि स्क्रूंवर ताणून बसतं. म्हणून एक स्क्रू पूर्ण काढून दुसऱ्याकडे जाऊ नका. आधी सगळे अर्धा-अर्धा फेरा सैल करा, मगच काढा. नाहीतर शेवटच्या स्क्रूपाशी ताण गोळा होऊन तडा जातो. कोणता स्क्रू कुठल्या भोकातला हे डब्यात खुणेने ठेवा, कारण गंजाची खूणही पुरावा असते. पिकगार्ड उचलून कापडावर उलटा ठेवा. जॅककडे आणि मागच्या स्प्रिंगच्या पट्टीकडे जाणाऱ्या तारा जोडलेल्याच राहतात, त्यांना ओढ बसू देऊ नका. पाहण्यासाठी कुठलाही सोल्डर सोडवायची गरज नाही, आणि सोडवूही नये.

परत लावताना प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात तो ‘टक’ करून बसल्याचं बोटाला कळतं, मग सुलटा फिरवा. सरळ दाबून पिळला तर लाकडात नवे आटे पडतात आणि दोन-चारदा असं झालं की भोक निकामी होतं.

आत काय वाचायचं

नेकच्या बुडावर १९६२ च्या वसंतापर्यंत पेन्सिलीने महिना आणि वर्ष, त्यानंतर शाईचा शिक्का. शिक्का ‘२ जून ६३ बी’ अशा घडणीचा असतो: सुरुवातीचा आकडा मॉडेलचा, मग महिना, वर्ष आणि शेवटचं अक्षर नटच्या (हेडस्टॉकपाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) रुंदीचं. ए म्हणजे दीड इंच, बी १ ⅝, सी १ ¾, डी १ ⅞. या अक्षराला नेकची जाडी समजण्याची चूक अनुभवी विक्रेतेही करतात. तारीख नेक तयार झाल्याची असते, गिटार त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जुळायची. काही अस्सल नेकवर तारीख नसतेच. उलट, झिजलेल्या, काळवंडलेल्या बुडावर ठळक ताजा शिक्का असेल तर भिंगाने पाहा. अस्सल शाई लाकडाच्या रेषांत मुरलेली असते, नकली शाई मळावर बसलेली असते.

पॉटच्या पाठीवर किंवा कडेला आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन बनवणाऱ्याचे: स्टॅकपोल ३०४, सीटीएस १३७, सेंट्रलॅब १३४. पुढे वर्ष आणि आठवडा. ३०४६३२० म्हणजे स्टॅकपोलचा, १९६३ च्या विसाव्या आठवड्यातला. पन्नाशीच्या दशकात आकडे सहाच असतात आणि वर्षासाठी एकच अंक, म्हणजे ३०४७२१ हा १९५७ चा. पॉट गिटारीच्या आधीचा असणं बरोबर, नंतरचा असणं चूक. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा प्रचंड साठा घेतला आणि तो दशक संपेपर्यंत वापरला, त्यामुळे १९६८-६९ च्या गिटारीत १९६६ चे पॉट सापडले तर घाबरू नका. तिन्ही पॉट २५० किलोओहमचे असतात. सिलेक्टर (कोणता पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारी चुंबकी कॉइल, चालू ते ठरवणारा स्विच) १९७७ पर्यंत तीन जागांचा. त्याआधीच्या गिटारीत पाच जागांचा असेल तर तो बदललेला आहे.

सोल्डर नीट पाहा. कारखान्याचा जुना सोल्डर मंद राखाडी झालेला असतो, कडेला फ्लक्सचा पिवळसर थर असतो. चांदीसारखा चमकणारा गोळा, शेजारी वितळलेलं आवरण किंवा दोनदा तापवल्याच्या खुणा दिसल्या तर तिथे हात लागला आहे. तारा कापडी, मेण लावलेल्या असायला हव्यात. प्लॅस्टिकचं आवरण १९६८ च्या आसपास आलं. तीन थरांच्या पिकगार्डखाली ॲल्युमिनियमचा पूर्ण आकाराचा पत्रा असतो, तो गायब असेल तर कुणीतरी काढला आहे.

पिकअपचं बूड १९६४ पर्यंत काळं, पुढे राखाडी, आणि त्याच सुमाराला तारेवरचं आवरणही बदललं. पिकअप मोजायला ते काढावे लागत नाहीत. गिटार न उघडता जॅकमध्ये केबल घाला, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, केबलच्या दुसऱ्या प्लगचं टोक आणि बाजू यांना मीटर लावा आणि सिलेक्टर एकेका जागी नेऊन वाचा. साधारण ५.५ ते ६.५ किलोओहम यायला हवेत. व्हॉल्यूमचा पॉट पिकअपला समांतर असल्याने मीटर थोडं कमी दाखवतो: ६ चा पिकअप ५.८६ दिसतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतो, म्हणून २० अंशांना ५.९ देणारा पिकअप मुंबईच्या ३५ अंशांत ६.२५ च्या आसपास देईल. परदेशातल्या विक्रेत्याने दिलेला आकडा आणि घरी आलेला आकडा यांत एवढा फरक पडला तर तो हवेचा आहे. मीटरने २५० किलोओहमच्या जवळ आकडा दाखवला तर मात्र कॉइल तुटली आहे आणि तुम्ही नुसता पॉट मोजता आहात. फेंडरच्या पिकअपमध्ये तार थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते. ओल शिरली की चुंबक गंजतो आणि आतले वेढे तुटतात. दमट गावातून आलेल्या गिटारीत हे नेहमीचं आहे.

नेक पुन्हा पाहा, या वेळी फ्रेटसाठी. फेंडरने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत फ्रेट वरून ठोकल्या नाहीत, बाजूने सरकवून बसवल्या. हे माहीत नसलेल्या कारागिराने त्या सरळ वर उपटल्या की खाचेच्या दोन्ही कडांचे बारीक कपचे उडतात. फ्रेटच्या कडेला बुजवलेले कपचे दिसले तर फ्रेट बदलल्या आहेत आणि वाईट बदलल्या आहेत. मेपलच्या अखंड नेकवर फ्रेट बदलल्यावर बहुतेक वेळा पुन्हा लॅकर मारलेलं असतं, ते अतिनील प्रकाशात कळतं. जुन्या फेंडरचा ट्रस रॉड बुडाकडून फिरतो. नेक बाहेर आलेलाच आहे, तर रॉडचा नट हलका फिरतो का तेवढं बघा. अडला तर जोर लावू नका.

रंग

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्चखाली हिरवट-पिवळं उजळतं. मध्येच जांभळट काळा पट्टा दिसला तर तिथे नंतर रंग मारला आहे. पण सगळा निकाल टॉर्चवर सोडू नये. तंबाखूचा धूर, घाम आणि पॉलिश यांनी उजळणं बदलतं, आणि नकली रंग करणाऱ्यांनाही टॉर्च माहीत आहे.

पिकगार्डखालच्या खुणा जास्त बोलतात. १९६४ पर्यंत रंगवताना बॉडीत खिळे ठोकून तिला टेकवायचे, रंग वाळल्यावर खिळे काढायचे. त्यामुळे त्या भोकांच्या आत कोरं लाकूड दिसायला हवं. भोकं सापडलीच नाहीत किंवा ती रंगाने भरलेली असली, तर बॉडी पुन्हा रंगवली आहे. १९६३ च्या आसपासपासून नेकच्या खाचेत पट्टी स्क्रूने लावून बॉडी धरली जायची, म्हणून खाचेत त्या पट्टीच्या आकाराची बिनरंगी सावली उरते. या दोन्ही खुणा नकली करता येतात, पण लॅकरचं वय, खिळ्यांची भोकं, खाचेतली सावली आणि झीज हे सगळं एकाच वेळी जमवणं फार अवघड आहे.

झिजेचाही मेळ बसला पाहिजे. उजव्या हाताच्या कोपराजवळ लाकडापर्यंत उडालेला रंग असेल तर फ्रेट, नेकची पाठ आणि पिकगार्डही तेवढेच वापरलेले हवेत. ब्लेडने पाडलेल्या तडा समांतर आणि सारख्या खोल असतात. थंडी-उन्हाने पडलेल्या वेड्यावाकड्या, एकमेकींना जाऊन मिळणाऱ्या असतात.

फेंडर पाच टक्के जादा घेऊन खास रंग देत असे: फिएस्टा रेड, लेक प्लॅसिड ब्ल्यू, सर्फ ग्रीन, शोअरलाइन गोल्ड वगैरे. अस्सल खास रंगाला सनबर्स्टपेक्षा खूप जास्त भाव मिळतो, म्हणून सनबर्स्टवर तोच रंग चढवण्याचा मोह सगळ्यात मोठा असतो. खास रंग म्हटलं की तपासणी दुप्पट कडक करा.

गिब्सनचं वेगळं काय

गिब्सनच्या लेस पॉलचा जन्म १९५२ चा, गाव मिशिगनमधलं कॅलमझू. तिचा नेक चिकटवलेला असतो, त्यामुळे तो बदलण्याचा प्रश्न क्वचित. खरा धोका हेडस्टॉकचा. तो १७ अंशात मागे कललेला, महोगनीचा, आणि सगळ्यात अरुंद जागी ट्रस रॉडच्या नटसाठी पोखरलेला असतो. पेटीसकट गिटार आडवी पडली तरी तो तिथे तडकतो. दुरुस्ती कितीही उत्तम असली तरी भाव निम्म्यावर येतो. नटच्या मागच्या बाजूला अतिनील टॉर्च आणि भिंग दोन्ही लावा, केसाएवढी रेघही सोडू नका.

१९५३ ते १९६० मध्ये नंबर हेडस्टॉकच्या पाठीवर शाईने उमटवलेला असतो आणि पहिला अंक वर्षाचा: ९ असेल तर १९५९. १९६३ ते १९६९ मध्ये गिब्सनने तेच नंबर पुन्हा पुन्हा वापरले, तिथे नुसत्या नंबराचा काही उपयोग नाही. १९७७ पासूनच्या आठ आकडी नंबरात पहिला आणि पाचवा अंक मिळून वर्ष होतं.

१९५७ पासून हंबकर (दोन कॉइलचे, गुणगुण कमी करणारे) पिकअप आले. त्यांच्या बुडावर ‘पेटंट अप्लाइड फॉर’चा छोटा स्टिकर असतो, म्हणून त्यांना पीएएफ म्हणतात. हे पिकअप सुटे विकले तरी मोठी रक्कम येते, त्यामुळे स्टिकर आणि झाकणं दोन्ही नकली मिळतात. झाकणाचा कारखान्यातला सोल्डर शाबूत असेल तर आतल्या बॉबिनचा रंग पाहायला तो कधीही तोडू नका. तो न तुटलेला असण्यालाच किंमत आहे.

किंमत

मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत अनेकदा मोठं अंतर असतं. ऑनलाइन बाजारात ‘विकली गेली’ अशा नोंदी वेगळ्या पाहता येतात, लिलावगृहांचे निकाल जाहीर असतात. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या मागे-पुढे एक वर्ष, त्याच रंगाच्या, पूर्ण मूळ असलेल्या तीन-चार विक्री शोधा. त्यांतली सगळ्यात मोठी रक्कम सोडून द्या. प्रसिद्ध वादकाच्या गिटारीचा भाव तर मोजूच नका. डेव्हिड गिल्मरची काळी स्ट्रॅटोकॅस्टर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली, त्यावरून तुमच्या समोरच्या १९६९ च्या गिटारीबद्दल काहीही कळत नाही.

सापडलेल्या भावाला १०० धरा आणि तिथून उतरा. बाजाराचा ढोबळ हिशेब असा: पुन्हा रंगवलेली असेल तर ५०. वेगळा पिकअप बसवायला बॉडी कोरली असेल तर तिचीही घसरण जवळपास तेवढीच. फ्रेट चांगल्या बदलल्या असतील तर ५ ते १० टक्के कमी. ट्यूनर बदलले पण नवी भोकं पाडली नसतील तर मूळ ट्यूनर आणायचा खर्च वजा. भोकं पाडली असतील तर १० ते १५ टक्के. पिकअप पुन्हा गुंडाळला असेल तर त्या पिकअपच्या सुट्या भावाच्या निम्मे वजा.

टक्केवारी एकमेकांतून वजा करत जाऊ नका, गुणत जा. पुन्हा रंगवलेली, फ्रेट बदललेली, ट्यूनरची जादा भोकं असलेली १९६३ ची गिटार घ्या. १०० चे ५०, त्यातले ७ टक्के गेले की ४६.५, त्यातले १२ टक्के गेले की सुमारे ४१. सरळ वजाबाकी केली असती तर ३१ आले असते आणि सौदा उगाच हातचा गेला असता. कारण साधं आहे: रंगवलेली गिटार घेणारा माणूस ती वाजवायला घेतो, त्याला बदललेल्या फ्रेटचा फारसा त्रास नसतो.

दुसऱ्या बाजूनेही पडताळा घ्या. नेक, बॉडी, पिकअपचा संच, वायरिंगसकट पिकगार्ड, ट्रेमोलो, ट्यूनर, पेटी यांचे सुटे भाव जोडा. बेरीज तुमच्या आकड्याच्या वर गेली तर आकडा फार खाली आला आहे. याच बेरजेपायी चांगल्या गिटारी मोडून सुट्या विकल्या जातात, हे दुःख आहे, पण भाव काढताना ते विसरून चालत नाही.

पेटी त्याच काळातली हवी: १९५९ पर्यंत ट्वीड (जाड विणीचं कापड), १९६० पासून तपकिरी टोलेक्स (रेक्झिनसारखं आवरण), १९६३-६४ ला पांढरी, मग काळी. तिच्यातला ट्रेमोलोचा दांडा, पुलावरचं क्रोमचं झाकण, दुकानाची पावती, जुना पट्टा यांतली कुठलीच वस्तू टाकू नका. स्वतः विकायची वेळ आली तर दुकानदार ग्राहकभावाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास देतो हे धरूनच घ्या.

कमी पैशांत सुरुवात करायची तर पुन्हा रंगवलेली प्री-सीबीएस स्ट्रॅटोकॅस्टर हा माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा व्यवहार. नेक, पिकअप, वायरिंग अस्सल आणि भाव निम्मा. त्याखाली फेंडरच्या विद्यार्थी गिटारी आहेत, म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक १९५६ पासून, मस्टँग १९६४ पासून. गिब्सनची मेलडी मेकर १९५९ पासून. जपानमधल्या फुजीगेनने १९८२ ते ८४ मध्ये बनवलेल्या ‘जेव्ही’ नंबरच्या गिटारीही उत्तम आहेत. सत्तरीच्या दशकातल्या जड, जाड रंगाच्या स्ट्रॅटोकॅस्टरना अलीकडे भाव आला आहे. त्या हातात धरून, वजन करूनच घ्याव्यात. चार किलोच्या वरची गिटार रोज वाजवली जात नाही.

भारतात आणायची असेल तर

साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंतचे फ्रेटबोर्ड बहुधा ब्राझिलियन रोझवूडचे असतात. हे झाड ११ जून १९९२ पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. तयार वाद्यांना २०१९ मध्ये मिळालेली सूट त्याला लागू नाही. अमेरिकेतून निघताना तिथल्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचं ‘प्री-कन्व्हेन्शन’ (वस्तू करार लागू होण्याआधीची असल्याचं) प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि त्यासाठी गिटारीचं वर्ष सिद्ध करावं लागतं. नेकच्या बुडाचे आणि पॉटचे फोटो इथेही उपयोगी पडतात. आपल्याकडे २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्समधल्या प्रजाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या आहेत. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातून परतताना गिटार सामानात टाकून विमानात बसू नका. आधी वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोकडे आणि सीमाशुल्काच्या एजंटाकडे लेखी विचारणा करा. अखंड मेपल नेकच्या १९५४ ते ५९ च्या गिटारीत रोझवूड नसतंच, तिथे हा प्रश्न येत नाही. पुढच्या काळात अमेरिकन कारखान्यांनी भारतीय रोझवूड वापरलं, म्हणजे सह्याद्रीतही वाढणारी आपली शिसव. तयार वाद्यांची सूट तिला लागू आहे. दोन्ही लाकडं नुसत्या नजरेने ओळखायच्या फंदात पडू नका. अधिकारीही कागदच मागतील.

मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. जुन्या गिटारीला ४५ ते ५५ टक्के मानवतात. खोलीत डीह्युमिडिफायर ठेवा किंवा पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. पुड्या दर पंधरवड्याला गरम करून वाळवा. पेटी मात्र चार महिने बंद ठेवू नका. सेल्युलॉइडमधून निघणारा वायू कोंडला की स्क्रू आणि पुलावरचे सॅडल गंजतात. आठवड्यातून एकदा पेटी तासभर उघडी ठेवा. रबर किंवा व्हिनाइल लावलेल्या स्टँडवर गिटार टेकवू नका, नायट्रोचं लॅकर तिथे वितळून चिकटतं. स्टँड वापरायचाच तर जिथे स्पर्श होतो तिथे सुती कापड गुंडाळा. सिलिकॉनचं पॉलिश लावू नका, कोरडं मऊ फडकं पुरे. गंजलेला स्क्रू चालत असेल तर तसाच राहू द्या. बदलावाच लागला तर जुना पुडीत घालून, कुठला होता ते लिहून, पेटीत ठेवा.

दूरवरून घेताना पैसे भरण्याआधी विकणाऱ्याकडून सात फोटो मागा: नेकचं बूड, बॉडीतली खाच, पॉटचे आकडे, पिकअपचं बूड, पिकगार्डखालची बॉडी, हेडस्टॉकच्या दोन्ही बाजू एकत्र, आणि पूर्ण गिटार अतिनील प्रकाशात. गिटार हातात आल्यापासून ४८ तास तपासायची आणि परत करायची मुभा लेखी घ्या. काय मूळ आहे आणि काय बदललेलं आहे हे पावतीवरच लिहून घ्या, कारण पुढे विमा उतरवताना आणि विकताना तीच पावती दाखवावी लागते.